पंडिता रमाबाई व त्यांच्या मुली

आपल्या मंडळ्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या लेकरांस नावे देण्याची घाई फार दिसते. एक मुलगा सभेत मोठ्याने प्रार्थना करतो म्हणून तो भाविक; दुसरा शंका विचारतो म्हणून तो बहकलेला; एखादी मुलगी गप्प बसते म्हणून ती विश्वासात थंड. एकदा दिलेले नाव मग त्या लेकरास चिकटून राहते. रिठदच्या व आसपासच्या बंधुभगिनींनी ह्याचा विचार करावा म्हणून आम्ही येथे पंडिता रमाबाईंचे चरित्र थोडक्यात देतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. आईबापांनी त्यांस संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळात आईबाप गेले, आणि १८८२ साली पतीही वारले. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व वाँटिज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी त्यांचे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्याविषयी व मंडळीच्या अधिकाराविषयी त्या निर्भीडपणे विचारीत. वाँटिजच्या भगिनी जेराल्डिन ह्यांस तो अहंकार वाटे. चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील ह्यांनी मात्र त्यांच्याशी धीराने पत्रव्यवहार केला. ख्रिस्ती धर्म आपणांस मिळाला होता, परंतु ख्रिस्त बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मिळाला, असे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केले. ज्या बाईस स्वतःस एवढा काळ लागला, ती दुसऱ्याच्या लेकरास घाई कशी करील?

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे येणाऱ्या कित्येक मुलींस जगाने आधीच नाव दिले होते: विधवा. रमाबाईंच्या घरी त्या लेकी झाल्या. प्रत्येकीस आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार लावीत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. त्यांस कोणी बोलाविले नाही, आणि कोणी हाकलूनही दिले नाही.

ह्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. आपला विश्वासघात झाला असे पालकांस वाटले. अनेकांनी मुली काढून नेल्या. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर इत्यादी सज्जनांनीही संबंध सोडला. दार लावून घेतले असते तर संस्थेचे नुकसान टळले असते. रमाबाईंनी ते लावले नाही; आणि ज्या मुली प्रार्थनेस येत नसत त्यांजवरील मायाही कमी केली नाही. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिल्या. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणल्या. केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. येथे शिक्षण उघडपणे ख्रिस्ती होते, आणि त्याबरोबर हातांस कामही होते: छापखाना, विणकाम, शेती. १९०५ साली तेथे संजीवन आले. मुली रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या; काहींच्या मुखी अन्य भाषा आल्या. रमाबाईंनी त्यांस दडपले नाही. परंतु अन्य भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण आहे, असेही त्यांनी मानले नाही. जी रडली ती मोठी आणि जी शांत राहिली ती लहान, असे माप त्यांनी लावले नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाल्या.

वाचकहो, पऱ्हाटीचे बोंड कोणी नखाने उकलीत नाही. आपण निंदण करतो, पाणी देतो व वाट पाहतो. आपल्या तरुण संघात जो मुलगा अवघड प्रश्न विचारतो, त्यास ह्या आठवड्यात जवळ बसवावे व त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून शास्त्र उघडावे. वाढविणारा देव आहे. आपण घराचे दार उघडे ठेवावे.