समुद्र घरात आणणारा माणूस: फिलिप हेन्री गॉस आणि कोरल फार्मिंगची पहिली पायरी

निळ्या एलईडी लाईटखाली चमकणाऱ्या कोरलचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. कोणीतरी कोरलचा छोटा तुकडा कापतो, सिरॅमिकच्या चकतीवर चिकटवतो आणि काही महिन्यांनी त्याचं छान मोठं झुडूप झालेलं दाखवतो. पाहणाऱ्याला वाटतं, आपणही घरच्या घरी दुर्मिळ कोरलचं छोटं फार्म सुरू करावं.

पण या सेटअपच्या मुळाशी काही साधे प्रश्न आहेत. समुद्राचं पाणी काचेच्या पेटीत सडत का नाही? समुद्र जवळ नसेल तर खारं पाणी आणायचं कुठून? आणि सगळ्यांनाच कोरल हवं असेल, तर समुद्रात काय उरणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोकांपर्यंत पोहोचवणारा माणूस होता फिलिप हेन्री गॉस. तिसऱ्या प्रश्नाने मात्र त्यांना आयुष्यभराचा चटका दिला.

शाळा कमी, निरीक्षण जास्त

गॉस यांचा जन्म 6 एप्रिल 1810 रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर शहरात झाला. बालपण गेलं पूल या बंदराच्या गावी. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं काढायचे. घरात पैसा बेताचाच, पण चित्रकलेचा हात मुलाकडे आला. निसर्गाची ओढ लावली ती आत्याने. किनाऱ्यावरच्या समुद्रफुलांना, म्हणजे ज्यांना आपण सी ॲनिमोन म्हणतो त्यांना, समुद्राच्या पाण्यात ठेवून जिवंत पाहता येईल ही कल्पना फिलिपला पहिल्यांदा तिच्याकडून मिळाली.

पंधराव्या वर्षी ते कारकून झाले. 1827 मध्ये कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर नोकरीला गेले. 1832 मध्ये त्यांनी मायक्रोस्कोपवरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि कीटकांचा नाद लागला. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. 1838 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात शिक्षक झाले. तिथली गुलामगिरी पाहून मन विटलं आणि 1839 मध्ये ते इंग्लंडला परतले. हातात पैसा नव्हता, पदवी नव्हती. होत्या त्या फक्त वह्या, चित्रं आणि बारीक नजर.

त्यावरच त्यांनी पोट भरलं. 1844 ते 1846 या काळात जमैकात राहून पक्षी, कीटक आणि वनस्पती गोळा केल्या, पुस्तकं लिहिली. 1848 मध्ये एमिली बोवेस यांच्याशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी मुलगा एडमंड जन्मला.

बाटलीतला समुद्र सडतो का?

तुम्ही किनाऱ्यावरून बाटलीत पाणी आणि एखादा खेकडा घरी आणलात, तर दोन दिवसांत वास सुटतो. कारण सोपं आहे. प्राणी ऑक्सिजन वापरतो, त्याची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजतं, आणि त्या कुजण्यातही ऑक्सिजनच संपतो. समुद्रात लाटा आणि वनस्पती ही भरपाई करत असतात. बाटलीत कोण करणार?

यावर गॉस यांच्या आधीही लोकांनी डोकं चालवलं होतं. फ्रेंच संशोधक जान व्हिलप्रो-पॉवर यांनी 1832 च्या सुमारास सिसिलीत काचेच्या टाक्यांमध्ये समुद्रजीव पाळून अभ्यास केला होता. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून तोल साधता येतो हे 1850 मध्ये मांडलं.

कोरलच्या दृष्टीने सगळ्यात रंजक गोष्ट ॲना थिन या बाईंची. 1846 मध्ये त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून छोटी प्रवाळं लंडनला आणली. ती सुटी होऊन पडू नयेत म्हणून सुई-दोऱ्याने चक्क स्पंजला टाचून घेतली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातली मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची, रोज अर्धा-पाऊण तास! आज आपण एअर पंप प्लगमध्ये लावतो, तेच काम त्या बाईचे हात करत होते. पुढे त्यांनी समुद्री वनस्पतीही त्याच पाण्यात ठेवल्या.

गॉस यांनी 1852 मध्ये याच प्रश्नाला हात घातला. अतिकामाने तब्येत बिघडली होती, म्हणून ते कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले होते. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत उतरून ते हिरवी-लाल शैवालं शोधायचे. शैवालाला झाडासारखी मुळं नसतात, ते दगडाला चिकटून असतं. म्हणून गॉस छिन्नी-हातोडीने दगडाचा तुकडाच काढायचे. मग शैवाल, प्राणी आणि प्रकाश यांचं प्रमाण बदलून पाहायचे. प्रकाशात शैवाल ऑक्सिजन सोडतं, प्राणी तो वापरतात. प्रमाण जमलं की पाणी न बदलता पुष्कळ दिवस स्वच्छ राहतं.

एका पुस्तकाने लागलेलं वेड

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिश हाऊस उघडलं. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय म्हणून ते ओळखलं जातं. त्यासाठी गॉस यांनी वेमथच्या किनाऱ्यावरून प्राणी गोळा करून रेल्वेने लंडनला पाठवले.

1854 मध्ये त्यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं. आज आपण सहज वापरतो तो ॲक्वेरियम हा शब्द या अर्थाने रुळला तो त्यांच्यामुळेच. रंगीत चित्रं, सोपी भाषा, टाकी कशी बांधायची इथपासून प्राणी कसे पकडायचे इथपर्यंत सगळं त्यात होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर परफेक्ट ट्युटोरियल! वेळही जुळून आली होती. 1845 मध्ये ब्रिटनमधला काचेवरचा कर उठला होता आणि रेल्वेमुळे शहरातला माणूस काही तासांत समुद्रावर पोहोचत होता. घराघरांतल्या दिवाणखान्यात समुद्र अवतरला.

मिठाचा फॉर्म्युला

पण शहरात राहणाऱ्याने समुद्राचं पाणी रोज कुठून आणायचं? गॉस यांनी समुद्राच्या पाण्याचं रासायनिक विश्लेषण समोर ठेवून कृत्रिम खाऱ्या पाण्याची कृती बनवली आणि 1854 मध्ये प्रसिद्ध केली. आजच्या मापात ती साधारण अशी होते:

- साधं मीठ: सुमारे 99 ग्रॅम
- एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट: सुमारे 7 ग्रॅम
- मॅग्नेशियम क्लोराईड: सुमारे 13 ग्रॅम
- पोटॅशियम क्लोराईड: सुमारे 2.6 ग्रॅम
- पाणी: साडेचार लिटरपेक्षा थोडं कमी

फक्त चार क्षार! आज दुकानात मिळणारं रीफ सॉल्ट याच कल्पनेची पुढची आवृत्ती आहे. एक मोठा फरक मात्र लक्षात ठेवा. गॉस यांच्या यादीत कॅल्शियमचा क्षार वेगळा नव्हता. कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्यामुळे आजच्या मिश्रणात कॅल्शियम आणि इतर सूक्ष्म घटक मोजून घातलेले असतात. जुनी कृती वाचून कोणी तसा टँक भरू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

यशाच्या शिखरावर दोन घाव

1856 मध्ये गॉस रॉयल सोसायटीचे फेलो झाले. कारकून म्हणून सुरुवात केलेल्या, पदवी नसलेल्या माणसासाठी हा फार मोठा मान होता. पण 1857 च्या फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता.

त्याच वर्षी त्यांचं ‘ओम्फॅलॉस’ हे पुस्तक आलं. गॉस कट्टर धार्मिक होते. पृथ्वी फार जुनी आहे असं खडक सांगत होते आणि बायबल वेगळं सांगत होतं. देवाने पृथ्वी निर्माण करतानाच तिच्यावर जुनेपणाच्या खुणा ठेवल्या, असा मेळ त्यांनी घालून पाहिला. तो ना शास्त्रज्ञांना पटला, ना धार्मिकांना. पुस्तक पडलं.

गॉस मुलाला घेऊन टॉर्कीजवळच्या सेंट मेरीचर्चला राहायला गेले आणि पुन्हा किनाऱ्यावर उतरले. 1858 ते 1860 या काळात त्यांनी ब्रिटनच्या समुद्रफुलांवर आणि प्रवाळांवर मोठा सचित्र ग्रंथ पूर्ण केला.

डबकी रिकामी झाली

आता तिसरा प्रश्न. ॲक्वेरियमचं वेड वाढलं तसे लोक टोपल्या, बरण्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडले. विकणारे व्यापारी आले. घरी नेलेले प्राणी बरेचदा मरायचे, की पुन्हा नवे आणायचे. ज्या डबक्यांत गॉस यांना समुद्रफुलांची बाग दिसली होती, ती काही वर्षांत ओरबाडली गेली.

मुलगा एडमंड पुढे मोठा साहित्यिक झाला. 1907 मध्ये वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात त्याने ही उजाड झालेली डबकी दाखवली आहेत. आपल्याच लोकप्रिय पुस्तकांनी हा नाश ओढवला हे वडिलांना कळून चुकलं होतं आणि त्याचं त्यांना फार दुःख होतं, असंही तो नोंदवतो.

चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. ॲना थिन यांच्या टाकीत प्रवाळं नुसती जगली नाहीत, त्यांची संख्याही वाढली. त्यावरचा त्यांचा लेख 1859 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला टिपा लिहिल्या होत्या खुद्द गॉस यांनी. म्हणजे प्रवाळ टाकीत वाढवता येतं, हे तेव्हाच कागदावर आलं होतं. पण वाढवायला वर्षं लागतात आणि उचलायला एक मिनिट. फॅशनने उचलण्याचा रस्ता धरला.

आजचं फार्म: उचलू नका, वाढवा

कोरल फार्म म्हणजे तो सुटलेला अर्धा धडा. आपल्याकडे हापूसचं कलम करतात तसंच हे. मूळ वसाहतीचा तुकडा कापायचा, चकतीवर जेल ग्लूने चिकटवायचा आणि वाढू द्यायचा. थिनबाईंच्या सुई-दोऱ्याची जागा ग्लूने घेतली, एवढंच.

फरक आहे तो मोजमापात. उष्ण समुद्रातल्या बहुतेक रीफ कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि तेच त्याला बरंचसं अन्न पुरवतं. म्हणून लाईट महत्त्वाचा. तापमान साधारण 25-26 अंश, क्षारता दर हजारी 35, कॅल्शियम लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम, आणि या आकड्यांत रोज चढउतार नकोत. पाणी सतत हलतं हवं. लाईट गेली आणि पंप थांबला की ऑक्सिजन घटायला लागतो, त्यामुळे बॅटरीवरचा एअर पंप ही चैन नाही, गरज आहे. काही कोरल कापताना घातक विष बाहेर पडतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच.

एक चांगली मूळ वसाहत वर्षानुवर्षं तुकडे देत राहते. जवळच्या माणसाला तिचा तुकडा मिळाला, तर समुद्रातून नवं कोरल तोडावं लागत नाही, लांबच्या प्रवासात ते मरतही नाही. स्थानिक फार्मचा खरा फायदा हा आहे.

भारतात सुरू करण्याआधी

मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही प्रवाळ आहेत. पण दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण आहे. ती तोडणं, घरी नेणं, विकणं हा गुन्हा आहे. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचंही नियंत्रण आहे. त्यामुळे फार्मचा विचार असेल तर टँक घेण्याआधी वन विभागाकडे लेखी चौकशी करा. विक्रेता कागद दाखवत नसेल, तर तिथून खरेदी करू नका.

गॉस 23 ऑगस्ट 1888 रोजी सेंट मेरीचर्चला वारले. अखेरच्या काळात ते ऑर्किड वाढवायचे आणि रात्री दुर्बिणीतून तारे पाहायचे. समुद्र घरात कसा आणायचा हे त्यांनी लोकांना शिकवलं. तो समुद्रातून न ओरबाडता कसा आणायचा, हे शिकायचं काम आपल्याकडे आलं आहे. पुढच्या वेळी रीफ टँकचा सुंदर व्हिडिओ दिसला, तर लाईट आणि फिल्टरच्या आधी एकच गोष्ट विचारा: हे कोरल वाढवलेलं आहे, की तोडून आणलेलं?