सुनावणीच्या दालनातला कॅप्टन

अकरावीला राज्यशास्त्र शिकवताना संसदीय समित्यांचा भाग आला की माझ्या वर्गातले निम्मे कॅडेट पेंगू लागतात. मी त्यांना दोष देत नाही. पहाटे उठून पी.टी. करून आलेल्या मुलाला स्थायी समिती आणि प्रवर समिती यांतला फरक ऐकताना झोप आली नाही तरच नवल. म्हणून मी तो भाग तोफखान्याच्या एका कॅप्टनपासून सुरू करतो.

हॅरी ट्रुमन यांचा जन्म ८ मे १८८४ रोजी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, लामार गावी झाला. लहानपणीच डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा लागला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जाण्याची इच्छा नजरेपायी राहिली आणि वडिलांचा पैसा बुडाल्यामुळे कॉलेजची पदवीही राहिली. १९०५ मध्ये नॅशनल गार्डमध्ये भरती होताना डोळे तपासण्याचा तक्ता त्यांनी आधीच पाठ केला होता, असे सांगतात. (कॅडेटांनी ही युक्ती मेडिकल बोर्डापुढे करून पाहू नये.)

पुढे दहा-अकरा वर्षे त्यांनी घरची शेती केली. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये १२९व्या फील्ड आर्टिलरीची डी बॅटरी त्यांच्या हाती आली. ही बॅटरी द्वाड म्हणून प्रसिद्ध होती. व्होज डोंगरात जर्मन तोफगोळे पहिल्यांदा अंगावर आले, तेव्हा त्यातले बरेच जवान पळत सुटले. कॅप्टन जागचे हलले नाहीत. त्यांनी शिव्यांची अशी लाखोली वाहिली की माणसे मागे फिरली. त्यानंतर म्यूज-आर्गोनच्या लढाईत हीच बॅटरी शेवटपर्यंत टिकली.

युद्धानंतर कॅन्सस सिटीत भागीदारीत काढलेले पुरुषांच्या कपड्यांचे दुकान १९२२ मध्ये बुडाले आणि त्याचे कर्ज ते कित्येक वर्षे फेडत राहिले. पेंडरगास्ट नावाच्या स्थानिक पुढाऱ्याच्या पाठबळावर ते जिल्ह्याच्या कारभारात शिरले आणि १९३४ मध्ये सिनेटवर निवडून आले. तो पुढारी पुढे करचुकवेगिरीसाठी तुरुंगात गेला. ट्रुमन स्वतः हिशेबाला चोख होते, तरी वॉशिंग्टनमध्ये बराच काळ त्यांच्याकडे त्या पुढाऱ्याचा माणूस म्हणूनच पाहिले गेले.

१९४१ च्या सुरुवातीला अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती, पण तयारी जोरात चालू होती. मिझुरीतल्या फोर्ट लेनर्ड वूड या नव्या छावणीच्या बांधकामाविषयी ट्रुमन यांच्याकडे तक्रारी येऊ लागल्या. ते गाडी घेऊन निघाले आणि हजारो मैल हिंडून छावण्या व कारखाने पाहून आले. इमारती लाकूड पावसात कुजत पडले होते आणि मजूर काम नसल्याने बसून होते. कंत्राटेच अशी होती की झालेला सगळा खर्च सरकारने द्यायचा आणि वर ठरलेला मेहनताना. उधळपट्टीची झळ कंत्राटदाराला लागणारच नव्हती.

त्यांच्या ठरावावरून १ मार्च १९४१ रोजी सिनेटने राष्ट्रीय संरक्षण कार्यक्रमाची चौकशी करणारी विशेष समिती नेमली. तिला खर्चाला मिळाले फक्त १५,००० डॉलर. कामाला लागण्याआधी ट्रुमन यांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या अशाच एका समितीचा इतिहास वाचून काढला. त्या समितीने सेनापतींना डावपेच शिकवण्याचा उद्योग केला होता आणि स्वतःच्याच सैन्याचे नुकसान केले होते. ट्रुमन यांनी तिथेच रेघ ओढली. लढाई कशी लढायची हा सेनेचा प्रश्न. जनतेच्या पैशातून सैनिकाच्या हाती जे पडते ते कागदावर लिहिल्याप्रमाणे आहे का, एवढे मात्र समिती विचारणार. माझ्या मते त्यांच्या यशाचे मूळ या रेघेत आहे.

कामाची रीत साधी होती. समितीचे तपासनीस आधी जागेवर जात, कागद गोळा करत. नाजूक बाब असली की बंद दाराआड बैठक होई. मग उघडी सुनावणी. साक्षीदाराने शपथ घ्यायची आणि पत्रकारांसमोर उत्तरे द्यायची, मग तो युद्धमंत्री असो की गिरणीतला कामगार. ट्रुमन अध्यक्ष असेपर्यंतचे सगळे अहवाल दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी एकमताने दिले. आपल्या संसदेत समित्यांच्या बैठका खाजगी असतात, बाहेर येतो तो अहवाल. बंद दाराआड पक्षाचा अभिनिवेश कमी होतो, हे खरेच. पण उघड्या दालनात काय घडू शकते, हे मार्च १९४३ मध्ये दिसले.

पिट्सबर्गजवळच्या एका पोलाद गिरणीत जहाजांसाठी पत्रे तयार होत. पत्रा किती ताण सोसतो हे यंत्रावर तपासायचे आणि आकडा नोंदवायचा. आकडा कमी आला की चाचणी करणारेच तो वाढवून लिहीत, हे सुनावणीत शपथेवर बाहेर आले. पोलाद कामापुरते चांगलेच होते, असा बचाव कंपनीने केला. त्याआधी दोनच महिने, १६ जानेवारी १९४३ रोजी, स्केनेक्टडी नावाचे नवे तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला संथ पाण्यात उभे असताना मधोमध तुटले होते. त्यातले पोलाद याच गिरणीचे. तुटण्यामागे वेल्डिंगसारखी इतर कारणेही होती, पण खोटा आकडा लिहिणाऱ्याला ते कुठे ठाऊक होते?

त्याच वर्षी ओहायोतल्या लॉकलंड इथल्या विमान-इंजिनांच्या कारखान्याचे प्रकरण निघाले. सदोष इंजिने पास होत होती आणि सेनेचे तपासणी अधिकारीच त्याकडे काणाडोळा करत होते. पुढे तीन अधिकाऱ्यांना कर्तव्यात कसूर केल्याबद्दल कोर्टमार्शलने दोषी ठरवले. वर्गात मी या ठिकाणी थोडा थांबतो, कारण उद्या तपासणीच्या कागदावर सही करणारे अधिकारी माझ्यासमोरच बसलेले असतात.

नौदलही सुटले नाही. रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींसाठी नौदलाचे कार्यालय स्वतःचाच आराखडा धरून बसले होते. न्यू ऑर्लिन्सच्या हिगिन्स यांची बोट सरस असल्याचे समितीचे म्हणणे होते. मे १९४२ मध्ये नॉरफोकजवळ खवळलेल्या समुद्रात दोन्ही बोटींवर एकेक रणगाडा चढवून चाचणी झाली. नौदलाची बोट बुडता बुडता वाचली, हिगिन्सची किनाऱ्याला लागली.

आणि जून १९४३. वॉशिंग्टन राज्यात हॅनफोर्डला अफाट खर्चाचा एक कारखाना उभा राहत होता. तिथे काय बनते, हे सांगायला कोणी तयार नव्हते. समितीने विचारणा सुरू केली. १७ जूनला युद्धमंत्री स्टिम्सन यांचा फोन आला: हा विषय अगदी मोजक्या लोकांपुरता आहे, कृपया थांबा. ट्रुमन थांबले. ते फार लवकर थांबले, असे माझ्या वर्गातल्या एकाने वादात मांडले होते आणि त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. एवढा पैसा कोणत्याही सुनावणीविना खर्च होत होता. पण युद्ध चालू होते आणि शब्द देणारा माणूस भरवशाचा होता.

ऑगस्ट १९४४ मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यावर त्यांनी समिती सोडली. ती पुढे १९४८ पर्यंत चालली. एकूण ४३२ सुनावण्या आणि १,७९८ साक्षीदार झाले.

१२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट वारले. संध्याकाळी ट्रुमन यांचा शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची छोटी बैठक संपून सगळे उठले, पण स्टिम्सन मागे रेंगाळले. विलक्षण शक्तीचे एक स्फोटक तयार होत आहे, एवढेच त्यांनी नव्या राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घातले. २५ एप्रिलला ते कागद घेऊन पुन्हा आले, आणि हॅनफोर्डमध्ये काय बनत होते ते त्या दिवशी ट्रुमन यांना सविस्तर कळले.