बोरिवलीच्या शिबिरातून कोसबादच्या टेकडीवर : अनुताई वाघ का टिकल्या?

डहाणू : दुर्गम पाड्यावर बदली झाली की शिक्षक आधी परतीची वाट शोधतो, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. शिक्षकाची बाजूही खोटी नसते. राहायला धड खोली नाही, सोबतीला कुणी नाही, अन् पोरं शाळेत येतच नाहीत. अशाच भागात एक बाई पस्तिसाव्या वर्षी आल्या आणि 1992 साली मरेपर्यंत पुण्याला परत गेल्या नाहीत. त्या म्हणजे अनुताई वाघ.

जन्म 17 मार्च 1910 चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच कपाळ पांढरं झालं. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य चुलीपाशीच संपायचं. अनुताई मात्र शिकल्या. 1929 मध्ये ट्रेनिंग पूर्ण करून नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात चांदोरीच्या शाळेवर लागल्या. वय एकोणीस, एकटी बाई, परकं गाव. तिथं चार वर्षं काढून त्या पुण्याला हुजूरपागा शाळेत आल्या. दिवसा शिकवायचं, रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचं, असं करत 1937 मध्ये त्या मॅट्रिक झाल्या.

मग आलं 1945 साल. कस्तुरबा गांधींच्या नावानं उभ्या राहिलेल्या ट्रस्टनं खेड्यात काम करणाऱ्या बायकांसाठी बोरिवलीला शिबिर घेतलं. आजच्या लोकलच्या गर्दीवरून तेव्हाचं बोरिवली डोळ्यांपुढे येणार नाही. ते अजून मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हतं. त्या शिबिरात अनुताईंची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाई अठरा वर्षांनी मोठ्या. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं आणि आता त्यांना ते खेड्यात न्यायचं होतं. जागा ठरली बोर्डी. बरोबर यायला तयार झाल्या अनुताई. हुजूरपागेची नोकरी मागं राहिली.

बोर्डीला सुरुवातीला पोरं येईनात. आई-बाप कामावर, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी. मग बालवाडीच वस्तीत नेली, कुणाच्या तरी अंगणात. पोरं घरोघर जाऊन गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. आज गावोगाव जी अंगणवाडी दिसते, तिची मुळं या अंगणात आहेत. सरकारी एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, 1975 मध्ये आली.

हे काम दमवणारं होतं, आणि पोरं गोळा करण्यातच दिवस गेला तर कोणतीही बाई कंटाळणारच. तरी अनुताई टिकल्या, कारण त्या एकट्या पडल्या नाहीत. अडलं की विचारायला ताराबाई शेजारीच होत्या, वरून हुकूम पाठवणाऱ्या साहेबासारख्या लांब नव्हत्या. शिवाय जमत नसेल तर पद्धत बदलायची मोकळीक होती. विकतची खेळणी परवडत नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं.

दहा-बारा वर्षांनी काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध आलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली, तिचं नाव विकासवाडी. धाकटं भावंड पाळणाघरात राहिलं की थोरली बहीण वर्गात बसू शकते, आणि बाईंचाही अर्धा वैताग वाचतो. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. अनुताईंचं स्वतःचं शिक्षणही थांबलं नव्हतं. 1961 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी, त्या बी.ए. झाल्या. टेकडीवर राहूनही माणूस पुढं जाऊ शकतो, हे सोबतच्या सेविकांना रोज समोर दिसत होतं.

या सेविकांकडे अनुताईंचं बारीक लक्ष असे. त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचे वर्ग चालले, आणि ‘बालवाडी कशी चालवावी’ हे पुस्तक अनुताईंनी त्यांच्या रोजच्या अडचणींसाठीच लिहिलं. आजच्या अंगणवाडी सेविकेच्या हातात मोबाईल आहे, त्यात भरायची माहितीही भरपूर आहे. शेजारी बसून अडचण ऐकणारं माणूस मात्र तिला क्वचितच मिळतं.

1973 मध्ये ताराबाई गेल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. कोसबादचा भार त्यांनी पुढं ओढला. 1982 मध्ये रमेश पानसे यांच्या साथीनं डहाणू तालुक्यातच ‘ग्राममंगल’ संस्था काढली. 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्या गेल्या. बोर्डीला पहिलं पाऊल ठेवल्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षं होत आली होती.