पिळलेले रबर आणि शेपटीचा तोल

आल्फोन्स पेनो १८५० साली पॅरिसमध्ये जन्मला आणि १८८० साली गेला. उणीपुरी तीस वर्षे! घराणे नौदलातले. मुलानेही जहाजावर जावे, अशी रीतच. पण कमरेच्या सांध्याच्या दुखण्याने ते दार बंद केले. चालणेसुद्धा कष्टाचे झाले. समुद्र हातचा गेला, तसा हा मुलगा आकाशाकडे वळला, आणि तेही टेबलाशी बसून, काड्या, कागद व रबर घेऊन.

खेळण्यातले पंखे फिरवायला त्यापूर्वी लोक धनुकली किंवा कमानी वापरीत. पेनोने १८७० मध्ये रबराला पीळ दिला. हलके, स्वस्त आणि जोरकस. आज दुकानात मिळणाऱ्या रबरबँडच्या विमानाचा हाच मूळपुरुष.

पण पंखा फिरला म्हणजे विमान उडते असे नव्हे. मी सुटीच्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या मुलांना बाल्साची विमाने करायला शिकवतो. नवे विमान हातातून सुटले की बहुधा एकच तमाशा होतो. नाक वर जाते, वेग मरतो, विमान क्षणभर लटकल्यासारखे दिसते आणि धाडकन खाली येते. पुन्हा नाक वर, पुन्हा डुबकी. मुलांना वाटते, रबर कमी पडले. खरे दुखणे शेपटीत असते. शेपटी जड झालेली असते, म्हणजे गुरुत्वमध्य मागे सरकलेला असतो. पंखांखाली दोन बोटे धरून विमान तोलून पाहावे. बहुतेक साध्या विमानांत ते पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर तोलले जायला हवे. शेपूट खाली झुकले तर नाकाला चिमूटभर माती लावावी, किंवा पंख दांड्यावर थोडे मागे सरकवावेत. तरी शक्यतो आधी शेपूटच तासून हलके करावे, असे माझे मत. मागे एक ग्रॅम वाचला की पुढे दोन-तीन ग्रॅम वाचतात, कारण शेपूट लांब असते आणि नाक आखूड.

आता पेनोची अडचण पाहा. त्याने पंखा बसवला तो शेपटीच्याही मागे! सगळ्यात मागे वजन, आणि जवळ अनुभवाची शिदोरी जवळजवळ नाहीच. इंग्लंडच्या जॉर्ज केलींनी १८०४ मध्ये नाकाशी सरकते वजन लावलेले लहान ग्लायडर उडवले होते खरे, पण ते काम बरेचसे विस्मरणात गेले होते. पेनोने तोल पुढे ठेवला आणि मागचा छोटा पंख मुख्य पंखापेक्षा थोड्या कमी कोनात बसवला. नाक उचलले की मागच्या पंखावर वारा जास्त लागतो आणि शेपूट वर ढकलले जाते. नाक खाली गेले की उलट. विमान स्वतःच स्वतःला सावरते. मात्र वजन पुढे असेल तरच ही जादू चालते. शेपूट जड असताना कोन कितीही बदला, उपयोग नाही.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युलरी उद्यानात जाणकारांसमोर त्याने ते विमान सोडले. लांबी सुमारे ५० सेंटिमीटर, वजन अवघे १६ ग्रॅम. ११ सेकंदांत ते ४० मीटर गेले, कोणाचाही हात न लागता. स्वतः धड चालू न शकणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोराचे विमान!

पुढे १८७६ मध्ये पॉल गोशो यांच्यासह त्याने दोन माणसे नेणाऱ्या, पाण्यावरूनही उडणाऱ्या विमानाचे पेटंट घेतले. आत घेता येणारी चाके, काचेचे छत, एकाच दांड्याने नियंत्रण. काळाच्या फार पुढचे. ते बांधायला पैसा कोण देणार? वाफेवर चालणारे बलून उडवणाऱ्या आँरी जिफार यांच्याकडे त्याने मदत मागितली, ती मिळाली नाही. आपले नकाशे छोट्या शवपेटीत घालून त्याने ते जिफारांच्या दारी पोचवले, असे सांगतात. ऑक्टोबर १८८० मध्ये त्याने जीवन संपवले.

त्याच्या हयातीतच, १८७८ मध्ये, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका पाद्र्याने आपल्या मुलांसाठी एक खेळणे घरी आणले होते. बूच, बांबू, कागद आणि पिळलेले रबर, घडण पेनोची. ते मोडेपर्यंत मुले खेळली, मग त्यांनी तसलीच आणखी केली. थोरला विल्बर अकरा वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल सात. आडनाव राइट. पेनोला याचा पत्ताही नव्हता.