टर्नर आणि ‘मोकळी’ जमीन

अमेरिकेच्या इतिहासलेखनाला नवे वळण देणारा फ्रेडरिक जॅक्सन टर्नर १८६१ साली विस्कॉन्सिन राज्यातील पोर्टेज या लहान गावी जन्मला. वडील स्थानिक वृत्तपत्राचे संपादक होते. गाव कातड्यांच्या जुन्या व्यापारी मार्गावर वसलेले. हा मुलूख मुळात विनेबागो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हो-चंक लोकांचा. सरकारने त्यांना वारंवार हुसकावले आणि ते वारंवार परतले.

टर्नरने १८९० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली ती विस्कॉन्सिनमधील आदिवासींशी चालणाऱ्या व्यापाराचा अभ्यास करून. अमेरिकन संस्थांचे बीज प्राचीन जर्मन टोळ्यांत आहे, अशी त्याच्या गुरूची शिकवण. ती शिष्याला पटली नाही. त्याच वर्षीच्या जनगणनेवरून, वस्तीची सलग अशी सीमारेषा आता उरली नाही, असे जाहीर झाले. जुलै १८९३ मध्ये शिकागो येथे इतिहासकारांच्या परिषदेत एकतिसाव्या वर्षी टर्नरने आपला निबंध वाचला. मोकळ्या जमिनीची उपलब्धता आणि पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्ती यांतूनच अमेरिकन माणूस, त्याची व्यक्तिनिष्ठा आणि लोकशाही घडली, हा त्याचा सिद्धान्त.

या सिद्धान्ताचा पाया आर्थिक होता. राजे आणि लढाया बाजूला सारून टर्नरने जमीन, दळणवळण आणि लोकसंख्या यांना इतिहासात स्थान दिले. १९१० पर्यंत विस्कॉन्सिनमध्ये आणि नंतर १९२४ पर्यंत हार्वर्डमध्ये अध्यापन करताना त्याने विद्यार्थ्यांना नकाशे व आकडेवारी वाचावयास शिकविले. स्वतः मात्र थोडेच लिहिले. १९३२ साली तो निवर्तला. पुढच्या वर्षी त्याच्या ग्रंथास मरणोत्तर पुलित्झर पारितोषिक मिळाले.

परंतु त्याच्या हिशेबात एक मोठी रक्कम मांडायची राहिली होती. दर चौरस मैलास दोन माणसे या मापाने वस्तीची सीमा ठरत असे, आणि राखीव प्रदेशांतील आदिवासी जनगणनेच्या मुख्य आकड्यांत धरलेलेच नव्हते. जे मोजलेच गेले नाहीत त्यांची भूमी साहजिकच मोकळी ठरली. पुढे आर्थिक इतिहासकारांनी दुसरी शंका काढली. प्रवास, जनावरे, अवजारे यांसाठी लागणारे भांडवल कारखान्यातील मजुराकडे कोठून असणार? पश्चिमेची जमीन त्याच्या दारिद्र्यावरचा उतारा क्वचितच होती.

टर्नरचाच विद्यार्थी हर्बर्ट बोल्टन याने १९२१ च्या ग्रंथात दक्षिणेकडील स्पॅनिश वसाहतींचा इतिहास मांडून सीमा एकाच दिशेने सरकत नव्हती हे दाखविले. १९८७ मध्ये पॅट्रिशिया लिमरिक यांनी पश्चिमेचा इतिहास हा मुख्यतः जिंकून घेण्याचा इतिहास आहे, असे प्रतिपादन केले. १९९१ मध्ये रिचर्ड व्हाइट यांनी पंचमहासरोवरांच्या प्रदेशात आदिवासी आणि युरोपीय यांनी दीर्घकाळ देवघेवीतून एक सामाईक जग उभारले होते, हे साधार मांडले. हा प्रदेश आणि हा व्यापार टर्नरच्या पहिल्याच प्रबंधाचा विषय. जे लोक त्या प्रबंधात व्यापारातील सहभागी होते, तेच तीन वर्षांनंतरच्या निबंधात वाटेतील अडथळा होऊन बसले होते.

प्रत्येक पिढी आपल्या काळाच्या प्रश्नांनुसार भूतकाळ नव्याने लिहिते, असे टर्नर स्वतःच मानीत असे. उत्तरकालीन अभ्यासकांनी त्याचे निष्कर्ष नाकारले ते त्यानेच शिकविलेल्या मार्गाने. जमीन मोकळी होती असे कोणी म्हटले, की ती कोणी मोकळी केली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे विचारणे आता इतिहासकारास चुकत नाही.