विश्लेषण : परदेशी निधीतून ‘शारदा सदन’ कसे उभे राहिले?

परदेशी देणगी घ्यायची तर आज एफसीआरए नोंदणी लागते, हे छत्रपती संभाजीनगरमधील संस्थाचालकही जाणतात. असा कायदा नव्हता, त्या काळात पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) हा मार्ग चोखाळला.

निधी कसा मिळाला?

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या. तिथे त्यांनी व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. विधवांच्या शाळेसाठी तिने दहा वर्षे मदतीची हमी दिली. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. अमेरिकेचे लोकजीवन सांगणारे रमाबाईंचे मराठी पुस्तकही १८८९ मध्येच आले.

वाद कशावरून?

शाळेत धर्मप्रसार करायचा नाही, असे ठरले होते. रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यांच्या प्रार्थनेला विद्यार्थिनी बसतात, यावरून न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी १८९३ मध्ये सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतील मदत मात्र सुरूच राहिली.

पैसा बोस्टनहून आला, पण मुलगी शाळेत ठेवायची की नाही, हे इथल्या घरांनीच ठरवले.