चवदार तळ्याचा दावा आणि बॅरिस्टर आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेतले की राज्यघटना आठवते, महाडचा सत्याग्रह आठवतो, नागपूरची धम्मदीक्षा आठवते. मात्र महाडच्या तळ्यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयातही तब्बल नऊ वर्षांहून अधिक काळ लढावे लागले, याची आठवण सहसा निघत नाही. या लढाईत ते स्वतः प्रतिवादी होते आणि ज्या समाजाच्या वतीने ते उभे होते तो समाज कोर्टाची पायरी चढण्याइतकाही समर्थ नव्हता. तरीही तिन्ही न्यायालयांत निकाल त्यांच्या बाजूने लागला.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव मुंबईत शिकले, पुढे कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांतून अर्थशास्त्राच्या उच्च पदव्या मिळवून १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ साली ते मायदेशी परतले तेव्हा वकिलीची सनद घेण्यासाठीही पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ती अडचण दूर केली. मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी व्यवसाय सुरू केला खरा. पण बॅरिस्टरला काम मिळते ते सॉलिसिटरांकडून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम सोपवायला त्या काळचे सॉलिसिटर तयार नव्हते. त्यामुळे त्यांनी अपील शाखेत आणि जिल्ह्यांच्या न्यायालयांत काम शोधले. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत येणारे पक्षकार बहुधा गरीब असत. प्रपंच चालविण्यासाठी त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदाही शिकविला. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदींची बाजू मांडून त्यांनी पुण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांची सुटका करून घेतली आणि वकील म्हणून त्यांचे नाव झाले.

महाडचा प्रश्न मुळात कायद्यातूनच उभा राहिला होता. सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर जाण्याचे धाडस कोणी केले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर प्रतिनिधींना मारहाण झाली आणि पंचगव्याचे १०८ घडे ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावही रद्द केला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे डॉ. आंबेडकरांनी जाहीर केले.

तेव्हा विरोधकांनी लाठी बाजूला ठेवून दिवाणी न्यायालय गाठले. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टात डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दावा दाखल झाला. तळे नगरपालिकेचे नसून चौधरी तळे म्हणून खासगी मालकीचे आहे, त्याचे पाणी वापरण्याचा हक्क फक्त स्पृश्य हिंदू व मुसलमान यांना आहे आणि ही रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. दाव्याची मांडणी हुशारीची होती. बोले यांचा ठराव सार्वजनिक पाणवठ्यांपुरता होता. तळे खासगी ठरले असते तर त्या ठरावाचा आधारच नाहीसा झाला असता. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

२५ डिसेंबरला परिषद भरली तेव्हा हजारो माणसे सत्याग्रहाच्या तयारीने महाडात जमली होती. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जावे, तुरुंगात जावे लागले तरी बेहत्तर, अशी बहुतेकांची भावना होती. मनाई हुकूम मोडला तर सरकारशी थेट झगडा, आणि पाळला तर आलेल्या माणसांची निराशा, असा पेच नेत्यापुढे होता. जिल्हाधिकाऱ्यांनीही परिषदेत येऊन हुकूम पाळण्याचे आवाहन केले. डॉ. आंबेडकरांनी अखेर सत्याग्रह तहकूब ठेवण्याचा सल्ला दिला. सनातन्यांशी लढत असताना सरकारलाही शत्रू करणे आपल्या दुबळ्या समाजाला परवडणारे नाही आणि हा दावा कायद्याने जिंकता येण्याजोगा आहे, असा त्यांचा हिशेब होता. लोकांनी तो मानला. मिरवणूक तळ्याभोवती फिरून परत आली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

हा निर्णय बरोबर ठरतो की नाही, हे आता दाव्याच्या निकालावर अवलंबून होते. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला. मुख्य दावा मात्र रेंगाळत राहिला. त्या काळात डॉ. आंबेडकरांचे सार्वजनिक आयुष्य झपाट्याने पुढे गेले. १९२८ मध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, गोलमेज परिषदा झाल्या, १९३२ मध्ये पुणे करार झाला, १९३५ मध्ये येवल्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी ते विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. या साऱ्या धामधुमीच्या मागे महाडचा दावा एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात जात होता.

८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. तळे नगरपालिकेचेच आहे, असे न्यायाधीशांनी ठरविले. अस्पृश्य तिथे पाणी भरत नसत, ही वहिवाट त्यांनी मान्य केली. परंतु एका वर्गाने तळे वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्या वर्गाला दुसऱ्याला रोखण्याचा हक्क प्राप्त होत नाही, असा निष्कर्ष काढला. ठाण्याच्या न्यायालयातील अपीलही ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. वादी उच्च न्यायालयात गेले. तिथे न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी अंतिम निकाल दिला. चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्याच्या घटनेला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते.

सगळा वाद अखेर पुराव्याच्या भारावर येऊन ठेपला होता. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती अनादिकालापासून अखंड चालत आली आहे, हे ती सांगणाऱ्याने सिद्ध करावे लागते. चार-पाच एकरांचे हे तळे किमान अडीचशे वर्षे जुने होते. पण त्या दीर्घ काळाबद्दल वादींजवळ पुरावा नव्हता. अलीकडच्या पिढ्यांत अस्पृश्य तळ्यावर गेले नाहीत, एवढेच ते दाखवू शकले. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे होती आणि अस्पृश्यांची वस्ती जवळपास नव्हती; त्यामुळे ते तिथे न जाण्याचे कारण रूढीखेरीज दुसरेही असू शकत होते. अनादि रूढी सिद्ध होत नाही, असे म्हणत उच्च न्यायालयाने अपील फेटाळले.

या विजयाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. अस्पृश्यता अन्याय्य आहे किंवा बेकायदा आहे, असे उच्च न्यायालयाने म्हटले नव्हते. अशी रूढी सिद्ध झाली असती तर ती सार्वजनिक धोरणाशी विसंगत ठरली असती काय, हा प्रश्न न्यायालयाने मोकळाच ठेवला. याचा अर्थ असा, की दुसऱ्या एखाद्या गावी, दुसऱ्या एखाद्या विहिरीबाबत, अधिक भक्कम पुरावा घेऊन कोणी उभे राहिले असते तर निकाल उलटही लागू शकला असता. चवदार तळे मुक्त झाले होते. पाण्याचा हक्क अद्याप झाला नव्हता.

ते काम पुढे घटनेने केले. मसुदा समितीचे अध्यक्षपद १९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांकडे आले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदाने राज्याच्या निधीतून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापराबाबत जातीच्या कारणावरून कोणावरही निर्बंध घालण्यास मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने तर पुराव्याचा भारही फिरविला. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला अशा ठिकाणी अडविले गेले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे आणि तसे नसल्यास अडविणाऱ्याने सिद्ध करावे, अशी तरतूद त्यात झाली.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. चवदार तळ्याकाठी दरवर्षी २० मार्चला अलोट गर्दी होते आणि ती योग्यच आहे. १७ मार्चची तारीख मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नसते. डिसेंबर १९२७ मध्ये पाण्याजवळ पोहोचूनही त्याला हात न लावता परतलेल्या हजारो माणसांनी आपल्या नेत्याच्या कायद्याच्या जाणकारीवर विश्वास ठेवला होता. तो विश्वास सार्थ ठरला, हे त्या दिवशी न्यायालयात सिद्ध झाले.